व्याह्यांची गाडी

आमच्या गाडीचा एसी फक्त थंडीत चालतो. डिसेंबरात उदगीर गारठलेलं असताना तो असा काही गार वारा सोडतो की अंगावर शाल घ्यावी लागते, आणि एप्रिल उजाडला की आतून नुसती घरघर. नरसिंग मिस्त्री म्हणतो, कॉम्प्रेसर गेलाय. गेल्या उन्हाळ्यातही तो हेच म्हणाला होता, बावीस हजार घेऊन नवा बसवला होता, आणि आता तोही गेला म्हणे.

"अरे, वर्षात कसा जातो?" मी विचारलं.

"बाई, कॉम्प्रेसरची काय चूक न्हाई. गाडीच तापून राहिली तर एसी काय करल बिचारा?"

गाडी तापते. मीही तापते. फरक एवढाच की गाडी तापली की सगळे मिळून तिला पाणी पाजतात, आणि मी तापले की आमचे हे उठून मोंढ्यात निघून जातात.

आमचे हे म्हणजे रुद्रेशप्पा. उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, तीस वर्षं आडत करतात. तुरीचं पोतं आलं की वरचा माल कधी बघत नाहीत. पोत्याच्या पोटात लोखंडी नळी खुपसायची, तळाचे दाणे काढायचे, एक दाताखाली फोडायचा आणि ओलावा किती ते सांगून मोकळं व्हायचं. शेतकऱ्यानं देवाची शपथ घातली तरी नळी खुपसल्याशिवाय पुढची बोली नाही. असा हा माणूस. आणि या माणसानं चार लाखांची गाडी तिचं बॉनेटसुद्धा न उघडता घेतली. का, तर ती व्याह्यांची होती.

आमची अंजू लातूरला दिली आहे. तिचे सासरे माणिकप्पा, त्यांचं सिमेंट-लोखंडाचं दुकान. जावई संगमेश हैदराबादला नोकरीला, महिन्या-दोन महिन्यांनी येतो. लग्नाला चार महिने झाले असतील नसतील, आम्ही लातूरला जेवायला गेलो होतो. पुरणपोळीवर आमटी ओतता ओतता माणिकप्पा म्हणाले, "रुद्रेशप्पा, आम्ही मोठी गाडी घेऊन राहिलो. ही पांढरी काढायची हाय. लोकं साडेचार द्यायला तयार हायत. पण बाहेर कुणाला कशाला? तुम्ही चार द्या. घरातली गाडी घरात राहील."

यांनी घास गिळायच्या आत हो म्हटलं. मी हात धुवायच्या निमित्तानं यांना मोरीपाशी गाठलं. "निदान नरसिंगला एकदा दाखवा तरी."

यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी व्याह्यांची झडती घ्यायला सांगतेय. "व्याह्याच्या गाडीला मिस्त्री लावायचा? शोभतं का? अंजूला नांदायचंय त्या घरात."

इथंच आमचं घोडं पेंड खातं. आमच्यात मुलगी दिली की तिच्या सासरच्यांपुढं माणसाचं तोंड आपोआप शिवलं जातं. व्याह्यांशी भाव करायचा नाही, व्याह्यांच्या वस्तूला नाव ठेवायचं नाही, आणि त्यांनी दिलेलं काही बिघडलं तर आपल्याच हातून बिघडलं म्हणायचं. यांनी पैसे दिले, गाडीला नारळ फोडला आणि ती पांढरीशुभ्र, लांबलचक डिक्कीची डिझेल सेडान आमच्या दारात येऊन उभी राहिली. शेजारच्या तारामतीबाईंनी तिला चारी बाजूंनी न्याहाळलं आणि म्हणाल्या, "सुकन्याबाई, नशीब काढलंत."

नशीब पहिल्या महिन्यातच खडखडायला लागलं. पुढच्या डाव्या चाकाखालून आवाज यायचा, आधी खड्ड्यात, मग सपाट रस्त्यावर, मग उभ्या गाडीतही. नरसिंगनं खालचे आर्म, बुश आणि दोन्ही शॉकअप बदलले. अकरा हजार. मग बॅटरी उतरायला लागली. बॅटरी नवी घेतली, तरी उतरली. मग कळलं की बॅटरी ठणठणीत होती, तिला चार्ज करणारा अल्टरनेटर मेला होता. म्हणजे दोन्हीचे पैसे. मग स्टेअरिंग जड झालं. मागची एक काच खाली गेली ती वर येईना, पावसाळाभर आम्ही तिथं खताच्या पिशवीचा कागद चिकटवून फिरलो. आणि प्रत्येक वेळी नरसिंगचं एकच पालुपद, "हा पार्ट हितं मिळत न्हाई बाई, नांदेडहून मागवावा लागतो." पार्ट मागवायला चार दिवस, यायला चार दिवस आणि आल्यावर कळायचं की तो दुसऱ्या मॉडेलचा आहे.

एकदा म्हटलं, नांदेडला लग्न आहे, गाडी स्वतःच जाऊ दे तिच्या पार्टांच्या गावाला. मुखेडच्या पुढं क्लच गेला. पाय दाबला की दाबलेलाच, वर येईना. मी पैठणी नेसलेली, गळ्यात होता नव्हता तो सगळा दागिना, आणि आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला एसटीला हात करतोय. क्लचप्लेट, प्रेशर प्लेट, मजुरी आणि गाडी ओढून आणायचं भाडं धरून पंचवीस हजार. लग्न लागून गेलं होतं, वरमाई कपडे बदलून बसली होती. आमच्या वाट्याला मसालेभात आला, तोही गार.

आणि दुसऱ्या दिवशी विहीणबाईंचा, गुरम्माबाईंचा फोन. "काय म्हणतेय गाडी?"

"झकास," मी म्हटलं. "लोण्यासारखी चालतेय."

हे म्हणताना माझ्या जिभेला काय वाटत असेल ते तिचं तिला माहीत. कित्येकदा ओठांवर आलं होतं की बाई, तुमच्या गाडीनं आमच्या नाकी नऊ आणलेत. पण बोललेलं इथून तिथं पोचायला एक फोन लागतो, आणि तिथं पोचल्यावर ते अंजूच्याच डोक्यावर पडणार. उद्या भाजीत मीठ जास्त झालं तर "माहेरची माणसंच तशी" म्हणायला कारण मिळणार. पोरगी सुखानं नांदतेय, 'बरी आहे' म्हणून फोनवर सांगतेय, तर आपण दोन पैसे गेले म्हणून तिच्या संसारात काडी कशाला टाकायची? असा विचार करून मी गिळत गेले. हे नरसिंगला पैसे देत गेले.

या वर्षी अंजूला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे सातवा संपताना तिला आणायचं ठरलं. मठातल्या स्वामींनी दिवस काढून दिला तो नेमका मे महिन्यातला, आणि लातूरहून निघायचं दुपारी जेवणानंतर. मी यांना स्पष्ट सांगितलं, "अंजूला आणायला भाड्याची गाडी करा. त्या खटाऱ्यात माझी पोर बसणार नाही."

"व्याह्यांच्या दारात भाड्याची गाडी घेऊन जाऊ?" यांचा आवाज चढला. "त्यांची गाडी घरी ठेवून? काय वाटेल त्यांना? म्हणतील, आमची गाडी बरी न्हाई का?"

"मग बरी आहे का?"

"नरसिंगला दाखवून आणलीय. काही होत न्हाई."

दोन दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तीच गाडी पुसून, हार घालून दारात उभी. डिक्कीत पाण्याचे चार कॅन. मी विचारलं, एवढं पाणी कशाला? तर म्हणे, उन्हाचे दिवस आहेत, प्यायला.

जाताना सकाळचा गारवा होता, गाडी गुमान गेली. लातूरला ओटी भरली, जेवणं झाली. निघताना माणिकप्पा बाहेर आले, आपल्या जुन्या गाडीभोवती एक फेरी मारली आणि बॉनेटवर थाप देऊन म्हणाले, "बघा, अजून कशी दणक्यात हाय!"

"हाव ना, एकदम झकास," आमचे हे म्हणाले. या माणसानं मोंढ्यात कधी असं खोटं बोललेलं मी ऐकलं नाही.

"सूनबाई, मागं आरामात बसा. गाडी आपलीच हाय."

"हाव, मामा," अंजू म्हणाली. सासऱ्यांना आमच्याकडे मामा म्हणतात. ती खाली बघत हळूच बसली, मी तिच्या शेजारी. पोट एवढं पुढं आलेलं, चेहऱ्यावर घाम, आणि एसीतून येणारी हवा चुलीपुढं बसल्यासारखी. मी पदरानं तिला वारा घालत होते. नळेगाव मागं पडलं. पुढच्या चढाला गाडीनं कण्हायला सुरुवात केली. गाडी चालवता चालवता यांची मान पुन्हा पुन्हा गरमीच्या काट्याकडे जायला लागली.

तेवढ्यात शेजारून अंजू शांतपणे म्हणाली, "अप्पा, एसी बंद करा. हीटर लावा."

"हीटर?" मी ओरडले. "मे महिन्यात? डोकं फिरलं का तुझं?"

"काटा अर्ध्याच्या वर गेला की हीटर फुल लावायचा. म्हणजे इंजिनची गरमी आत ओढून घेते. मामा तसंच करायचे."

यांनी मुकाट्यानं हीटर लावला. भर उन्हात, सातव्या महिन्यातल्या पोरीच्या तोंडावर, गरम हवेचा झोत. मी पदर आणखी जोरानं हलवायला लागले. आणि एवढं करूनही पुढच्या वळणाला बॉनेटखालून फस्स झालं, समोर पांढरी वाफ पसरली आणि गाडी एका लिंबाच्या झाडापाशी येऊन बसली. गाडीनं निदान सावली बघून जीव टाकला, एवढीच तिची माणुसकी.

अंजूला बाहेर काढलं, झाडाखाली चादर टाकून बसवलं, पाणी पाजलं. यांनी नरसिंगला फोन लावला. फोन स्पीकरवर होता, आणि नरसिंगचा आवाज त्याच्या गॅरेजमधून ऐकू यावा एवढा मोठा. "मालक, मी सांगितलं व्हतं का न्हाई? हेड गॅसकेट जाऊन राहिलं, लांब नेऊ नका म्हणून? आता इंजिन खोलावं लागतं. पस्तीस-चाळीस धरून चला. पार्ट नांदेडहून..."

मी यांच्याकडे पाहिलं. हे रस्त्याकडे बघत होते.

"त्यानं सांगितलं होतं?"

"तो काय, काही पण सांगतो."

"पोरीला घेऊन जायचंय हे माहीत असून? पोटातल्या बाळाला घेऊन? त्या माणिकप्पांच्या तोंडासाठी?" माझा आवाज पलीकडच्या शेतापर्यंत गेला असेल. जाऊ दे. दोन वर्षांचं साठलेलं होतं. मी क्लच काढला, शॉकअप काढले, खताची पिशवी काढली, मुखेडचा मसालेभात काढला.

दम लागला तेव्हा मी थांबले. मग आठवलं, की हीटरचं अंजूनं सांगितलं होतं.

"तुला माहीत होतं," मी तिच्याकडे वळले. "ही गाडी तापते, तुला आधीपासून माहीत होतं."

तिनं मान हलवली. "लग्न झाल्या झाल्या कपिलधारला दर्शनाला जाताना दोनदा बंद पडली. येताना ट्रकला बांधून आणली. मामा तवाच म्हणाले, आता ही काढून टाकू."

"आणि आम्ही घेतोय हे कळल्यावर एक फोन करता येत नव्हता तुला?"

"फोन केला असता तर अप्पांनी गाडी घेतली नसती. मग मामांना कळलंच असतं ना, कुणी सांगितलं ते." ती चादरीची दशी ओढत होती. "आणि फोन कुठून करू, आई? फोन हॉलमध्ये बसून बोलायचा असतो. समोर सगळे बसलेले असतात. तू विचारतेस, बरी आहेस का. मी म्हणते, हाव, बरी हाय."

मी खाली बसले. "म्हणजे बरी नाहीस तू?"

"तसं न्हाई आई. मारत-बिरत न्हाईत कुणी. चांगले हायत." मग म्हणाली, "पण बरी नसते तरी बरी हाय असंच म्हणाले असते. तुम्ही न्हाई का, झकास हाय, झकास हाय म्हणत व्हता?"

चिडून ती बोलली नव्हती. चिडली असती तर मला सोपं गेलं असतं. दोन वर्षं मी पोरीसाठी तोंड शिवून बसले होते आणि पोरगी माझ्याकडे बघून तेच शिकली होती. तिच्या 'बरी हाय'वर मी रोज सुखानं झोपत होते. त्या दोन शब्दांत किती खरं होतं, ते मला आजही ठाऊक नाही, आणि याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटली.

मी उठले आणि यांच्या हातातून फोन घेतला.

"कुणाला लावतेस?"

"तुमच्या व्याह्यांना."

"सुकन्या, वेड लागलंय का?"

व्याह्यांशी मी आजवर कधी फोनवर बोलले नव्हते. बायका विहिणीशी बोलतात, व्याह्यांशी नाही. एरवी समोरासमोर आले की नमस्कारादाखल 'शरणार्थी' म्हणायचं आणि पदर सावरून बाजूला व्हायचं. आज शरणार्थी म्हणायचं राहूनच गेलं.

"मी सुकन्या बोलतेय. गाडी तापून बंद पडलीय. नळेगावच्या पुढं..."

"टोपण उघडू नका!" माणिकप्पा पलीकडून ओरडले. "थंड होऊ द्या आधी. मग डाव्या बाजूची जाड नळी बघा, तिथूनच पाणी जातं. पंखा फिरून राहिला का? फिरत नसल तर वायर जरा हलवा..."

आणि मग त्यांच्याच लक्षात आलं. फोनवर नुसता पंख्याचा आवाज येत राहिला, त्यांच्या दुकानातल्या.

"तुम्हाला बरंच माहीत आहे," मी म्हटलं. "तुमची सून आणि तुमचं नातवंड उन्हात रस्त्यावर बसलंय. तुमची मोठी गाडी घेऊन या."

मी फोन ठेवला. हे डोकं धरून दगडावर बसले होते. अंजू माझ्याकडे बघत होती, घाबरून, आणि आणखी कशानं तरी. ती लहानपणी दिवाळीतल्या मोठ्या बॉम्बकडे तशी बघायची.

तासाभरानं माणिकप्पा एकटेच आले. काळी, उंच, नवीकोरी गाडी. उतरताना त्यांच्या एका हातात शहाळी होती आणि दुसऱ्या हातात उशी. आमच्याकडे न बघता ते आधी अंजूपाशी गेले.

"सूनबाई, बरं हाय ना?"

"हाव, मा..." अंजूचं तोंड सवयीनं उघडलं आणि अर्ध्यावर थांबलं. तिनं पदरानं चेहरा पुसला. "न्हाई, मामा. बरं न्हाई. पाठ लई दुखून राहिली. आणि ही गाडी घेऊ नका, असं मी तवाच अप्पांना सांगायला पाहिजे व्हतं. तुम्हाला भिऊन सांगितलं न्हाई."

माणिकप्पांचा चेहरा पडला होता. मला वाटलं आता हा माणूस भडकणार, आणि मी पदर खोचून तयारच होते.

"मला भिऊन?" ते म्हणाले. मग आपल्या जुन्या गाडीकडे बघत, कुणालाच उद्देशून नाही असं बोलले, "मी पण साडूकडनं घेतली व्हती ही. बिदरच्या. भाव केला न्हाई, बघितली न्हाई. चार वर्षं त्याला झकास हाय म्हणून सांगत व्हतो."

दुसरी एखादी असती तर विरघळली असती. मी नाही. "म्हणून मग आमच्या गळ्यात मारली?"

"हाव," ते म्हणाले. मान खाली. एवढ्या मोठ्या दुकानाचा मालक, पण शब्द फिरवला नाही, हे मात्र मी मानलं.

आम्ही अंजूला मोठ्या गाडीत बसवलं, पाठीशी उशी दिली. आत एसी असा गार होता की तिनं डोळेच मिटले. मी शेजारी बसून शहाळं तिच्या हातात दिलं आणि दार ओढून घेतलं. बाहेर माणिकप्पा यांना विचारत होते, "रुद्रेशप्पा, किती गेले हिच्यावर?"

"छे छे, किरकोळ," यांची जुनी सवय. "घरातली गाडी, चालायचंच."

अंजूनं डोळे उघडले. तिनं दारावरचं बटण दाबलं आणि काच सरसर खाली गेली. बाहेरची गरम हवा आत आली.

"अप्पा," ती म्हणाली, "खरं सांगा."

यांनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग हे अडखळत सांगायला लागले, डाव्या चाकाच्या खडखडीपासून. माणिकप्पा प्रत्येक बिघाडाला मान डोलवत होते, आणि अल्टरनेटर म्हटल्यावर तर म्हणाले, "बॅटरी आधी बदलली असल तुम्ही, मी पण तेच केलं व्हतं." मी अंजूला म्हटलं, काच वर घे, ऊन लागतंय. तिनं ऐकलं नाही. शहाळं दोन्ही हातांत धरून ती शेवटपर्यंत ऐकत बसली.